परतीचा शॉट

१

आमच्या घरात कुणी 'जातो' म्हणत नाही. भाजीला निघालेलं असो की परगावी, दारात थांबून 'येतो' म्हणायचं आणि काकूनं आतून 'या' म्हटल्यावर पाय बाहेर टाकायचा. हे सगळ्यांच्याच घरी असतं, मला माहीत आहे. पण आमच्या काकूचं तेवढ्यावर भागत नाही. गेलेलं माणूस परत आलं की ती हातातलं काम टाकून पुढच्या खोलीत येते, त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि मग परत कामाला लागते. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला चालतं. शिकायला बेंगळुरूला येऊन मी तिच्याकडे राहू लागले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. "काकू, हजेरी घेतेस का?" म्हणून मी चिडवायचे. ती म्हणायची, "गेलेलं सगळ्यास्नी दिसतंय बाई. आलेलं कुणीतरी बघाय नको का?"

काकूचं नाव कस्तुराबाई. तिचे यजमान देवाप्पा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही मूळचे निपाणीचे, पण मल्लेश्वरममध्ये पंचेचाळीस वर्षं काढल्यावर माणूस काका राहत नाही, दोड्डप्पा होतो. घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी साडेनऊला राखाडी बिनबाह्यांचा स्वेटर, लांब काळी छत्री, कापडी पिशवी आणि 'येतो'. अकराच्या आत परत. आधी लिफ्टचं लोखंडी दार वाजायचं, मग फरशीवर छत्रीची टकटक, मग चपला काढल्याचा आवाज. काकू नुसत्या लिफ्टवरून म्हणायची, "आले."

या आवाजांबद्दल आता मला खात्रीनं काही बोलता येत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवलं.

२

कॉलेज करता करता मी शनिवारचा एक कोर्स लावला होता. प्रवासाचे व्हिडिओ नीट कसे शूट करायचे आणि एडिट कसे करायचे, असा. शिकवायला नागराज सर. माझा पहिला व्हिडिओ हेब्बाळच्या तळ्याचा होता. सरांनी तो वर्गात पडद्यावर लावला, मिनिटभर बघितला आणि बंद करून विचारलं, "तळं कुठंय?"

तळं होतं की. पक्षीही होते. पण मी कॅमेरा पाण्यावरून झाडावर, झाडावरून फ्लायओव्हरवर असा फिरवत सुटले होते, पाइपनं अंगण धुतल्यासारखा. वर्ग हसला. मीही हसले, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

सरांचे नियम सोपे होते. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि मनात दहा मोजायचे. चित्रात एक माणूस असू द्यायचा, प्रत्येक ठिकाणी तोच. त्यानं आपल्याकडे पाठ करून लांब चालत जायचं, म्हणजे बघणारा त्याच्या मागोमाग जातो. "आणि परत येणं कधी दाखवायचं नाही," सर म्हणाले. "माणूस परत आला की प्रवास संपला. मग बघणारा पण उठून जातो."

माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. दोड्डप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "नुसतं चालायचं? ते तर रोजच चालतो की." महिनाभरात आम्ही तीन जागा केल्या. आठव्या क्रॉसचा, म्हणजे आठव्या आडव्या रस्त्याचा, फुलबाजार, सँकी तळ्याकाठची पायवाट आणि मल्लेश्वरम स्टेशनचा पादचारी पूल. मी ट्रायपॉड लावायचे, ते चालत जायचे, मी दहा मोजायचे आणि मग हाक मारायचे, "या दोड्डप्पा." ते वळायचे आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत यायचे. त्यांचा चेहरा मोठा मोठा होत सगळ्या चित्रात मावेनासा व्हायचा. मग ते भिंगावर बोटानं टकटक करून विचारायचे, "झालं? सरी? बरोबर?"

जातानाचे शॉट अप्रतिम होते. बाजारातल्या शेवंतीच्या ढिगांमधून ती राखाडी पाठ चालली आहे, हे पुन्हा पुन्हा बघत राहावंसं वाटायचं. येतानाचे काहीच कामाचे नव्हते. माझा लॅपटॉप जुना, त्यात जागा नाही. वर्गातला अद्वैत, पुण्याचा, त्यानं स्क्रीनवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "अगं, हे रिटर्नवाले सगळे वेस्ट आहेत. कशाला ठेवतेस? डिलीट मार सरळ."

त्याचं बरोबरच होतं. मी प्रत्येक क्लिप 'या'च्या जरा आधी कापली आणि पुढचा भाग काढून टाकला. एकोणीस तुकडे निघाले. कॅमेऱ्याचं कार्डही पुसलं. लॅपटॉपनं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का. मी 'हो' दाबलं आणि चहा करायला उठले.

पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "आता तळं दिसतं." मी त्या दिवशी घरी जाताना काकूसाठी मोगरा घेतला.

३

त्यानंतरच्या मंगळवारी काकू माझ्या खोलीच्या दारात आली. "शलाका, किती वाजले गं?"

पावणेबारा झाले होते. मी खाली उतरले. दोड्डप्पा आठव्या क्रॉसवर होते, फुलवाल्यांच्या पुढे, निळ्या शटरच्या दुकानापाशी. माझ्याकडे पाठ, छत्री टेकवलेली, पिशवीत देवाची फुलं. नुसते उभे होते. मी समोर जाऊन विचारलं, काय झालं.

"काय न्हाई. तू 'या' म्हणाली न्हाईस," ते म्हणाले. "म्हणून थांबलो."

मी हसले. "आज कुठं शूटिंग आहे?" ते पण हसले, जरा ओशाळून. आम्ही घरी आलो. काकूनं त्यांना नेहमीसारखं न्याहाळलं, मग दुसऱ्यांदा न्याहाळलं. ती जागा कुठली, ते मला घरी आल्यावर आठवलं. दहा आकडे मोजून संपायचे तेव्हा ते त्या शटरपाशी पोचलेले असायचे.

शुक्रवारी ते सँकी तळ्याकाठी सापडले, वाकड्या रेनट्रीखाली. पुढच्या बुधवारी पुलाच्या जिन्यावर, वरून दुसऱ्या पायरीवर. लोक त्यांना वळसा घालून चढत होते.

त्यांचा मुलगा सूर्यकांतदादा व्हाइटफील्डला राहतो, आयटीत आहे. तो धावत आला, दवाखान्यात घेऊन गेला. स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, या वयात मेंदू स्वल्प आकसतो, जाताना वाट आठवते, येताना आठवत नाही, असं होतं. मला ते पटलं. पटवून घ्यायचीच माझी इच्छा होती.

पण मी स्टॅटिस्टिक्स शिकते. खोड असते ती. एका कागदावर मी दोन रकाने केले. त्याच दोन आठवड्यांत दोड्डप्पा एकटे मेट्रोनं, गाडी बदलून, दादाकडे व्हाइटफील्डला जाऊन आले होते. बँकेत जाऊन आले, हेब्बाळला जुन्या मित्राकडे जाऊन आले, मार्गोसा रोडवर कॉफी पावडर आणायला तर चार वेळा. कुठंही अडले नाहीत. अडले ते तीनच ठिकाणी. तीन घटनांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत. कागद फाडला आणि केराच्या डब्यात टाकला. मग तो कुणाच्या हाती लागू नये म्हणून परत काढून बारीक तुकडे केले.

दादा निघताना म्हणाला, "आता पुन्हा एकदा असं झालं ना, की दोघांनाही घेऊन जाणार. चौदाव्या मजल्यावर राहायचं, टीव्ही बघायचा. एकट्यानं बाहेर पडणं बंद."

 दोड्डप्पांनी छत्री उचलली, तिच्या टोकाचा चिखल रुमालानं पुसला आणि ती परत कोपऱ्यात ठेवली. चालणं बंद झालं तर या माणसाचं काय उरेल, असं माझ्या मनात आलं. हे माझ्यामुळे होतंय, हे मी तेव्हा स्वतःशी पहिल्यांदा शब्दांत म्हटलं. वेडेपणा होता. पण तो जाईना.

४

काढून टाकलेलं परत शूट करता येतं. साधा विचार होता. मी दोड्डप्पांना म्हटलं, आज येतानाचा एकच शॉट घ्यायचाय. ते खुशीत तयार झाले.

सकाळचे दहा, आठवा क्रॉस, ट्रायपॉड त्याच जागी. ते चालत गेले. निळ्या शटरपाशी थांबले. मी हाक मारली, "या दोड्डप्पा."

ते वळले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. फुलवाल्या अक्कानंही कानडीत हाक मारली. त्यांचा उजवा खांदा थोडा हलला आणि परत जागेवर गेला. कॅमेरा तसाच चालू ठेवून मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. चेहरा नेहमीचाच होता, पण घाबरलेला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"पुढचं सगळं दिसतंय गं," ते हळू म्हणाले. "दुकान हाय, त्याच्या पुढं देऊळ हाय, रिक्षा हायत. पर वळायचं म्हटलं की मागं काहीच न्हाई. नुसतं न्हाईच. पाय कुठं टाकायचा?"

मी त्यांच्या कोपरात हात घातला आणि त्यांना वळवलं. त्यांनी डोळे मिटले. कॅमेरा काढून घेताना आणि घर येईपर्यंत ते मिटलेलेच होते. मी त्यांना गटार आलं, पायरी आली, असं सांगत होते.

दुपारी ते झोपल्यावर मी क्लिप लावली. दोड्डप्पा चालत जातात. थांबतात. मी हाका मारते. मग मी चित्रात येते, त्यांच्या पुढे जाते, बोलते. मग मी परत येताना दिसते. माझा हात कोपरात वाकलेला आहे, मी बाजूला मान करून कुणाला तरी गटार दाखवते आहे. माझ्याबरोबर कुणी नाही. आणि मागे निळ्या शटरपाशी राखाडी स्वेटरची पाठ अजून उभी आहे.

मल्लेश्वरममध्ये राखाडी स्वेटर घालणारे म्हातारे किती असतील, शेकड्यानं असतील. गर्दीत दोड्डप्पा माझ्या आड झाले असतील. मी क्लिप पुन्हा लावली नाही. शेजारच्या खोलीत त्यांचं घोरणं ऐकू येत होतं, तरी मी उठून त्यांना दारातून बघून आले. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

५

शनिवारी साडेनऊला ते 'येतो' म्हणाले. मी आंघोळीला गेले होते, नाहीतर थांबवलं असतं. काकू 'या' म्हणाली. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, जाऊ कसं दिलंस. ती म्हणाली, "रोजचं चालणं हाय त्यांचं. मी कशी अडवू?"

बारा वाजले, दोन वाजले. मी तिन्ही जागा पालथ्या घातल्या. निळं शटर, रेनट्री, पुलाची पायरी. तिथं कुणीच नव्हतं. ते तिथं असतील अशी मला खात्री होती. दादा पोलीस चौकीत गेला. अद्वैत मोटारसायकलवरून यशवंतपूरपर्यंत शोधत होता आणि दर अर्ध्या तासानं फोन करत होता. काकूनं पुढचं दार सताड उघडलं, समोर खुर्ची घेतली आणि बसली. जेवली नाही. मीही नाही.

साडेचारला मी लॅपटॉप घेऊन तिच्या मागं पलंगावर बसले. पुसलेलं परत आणून देणारा एक प्रोग्राम अद्वैतनं पाठवला होता. एकोणीस नावं सापडली, पण उघडली की नुसता करडा पडदा. येतानाचं माझ्याकडे काहीच नव्हतं. जातानाचं होतं, एकोणीस वेळा.

ही गोष्ट मला आधी का सुचली नाही, असं तेव्हा वाटलं. क्लिपवर क्लिक करून 'रिव्हर्स' निवडलं की क्लिप उलटी चालते. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही येतं ते. मी फुलबाजाराची क्लिप घेतली आणि उलटी चालवली.

जमिनीवरच्या पाकळ्या उडून अक्काच्या हातात गेल्या. उदबत्तीचा धूर खाली उतरून काडीत शिरला. माणसं मागे मागे चालू लागली. आणि निळ्या शटरपासून दोड्डप्पा निघाले. शेवंतीच्या ढिगांमधून, कुणालाही धक्का न लागता, जवळ जवळ येत गेले. शेवटी चित्रभर नुसती राखाडी वीण उरली.

पाठच होती. ते मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते लांब जात नव्हते, जवळ येत होते. महिन्याभरात पहिल्यांदा मला हायसं वाटलं, इतकं की मी तोंडावर हात ठेवून रडले. क्लिप टाइमलाइनवर तशीच ठेवून मी बसले.

६

सहा वाजत आले होते. काकू देवापाशी दिवा लावायला उठली. मी म्हटलं होतं, मी लावते, तर म्हणाली, "तू बस, दाराकडं बघ."

लिफ्टचं लोखंडी दार वाजलं.

"आले," काकू आतून म्हणाली. तिचा आवाज फुटला होता.

मग छत्रीची टकटक. मग चपला. सगळं नेहमीच्याच क्रमानं. मी पलंगावरून उठले.

उंबऱ्यावरून आधी टाच आत आली. मग दुसरी. मग पिशवीचा हात, मग पाठ. दोड्डप्पा माझ्याकडे पाठ करून आत येत होते, सावकाश, मागं न बघता. टीपॉयला वळसा घातला. छत्री न चाचपता कोपऱ्यात ठेवली. मी भिंतीला टेकले, ते माझ्या हातभर अंतरावरून गेले आणि आपल्या खुर्चीत बसले. पिशवीतली फुलं ओली होती.

मी हाक मारली. मग त्यांना समोरून बघावं म्हणून खुर्चीला वळसा घालून खिडकीपाशी गेले. तिथूनही राखाडी पाठ आणि पांढऱ्या केसांचा मागचा भाग दिसत होता. मी पुन्हा दाराकडच्या बाजूला आले. तिथूनही तेच. ते हललेले नव्हते. मी बघायचं थांबवलं.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. नेहमीसारखी त्यांच्यापुढं उभी राहिली, वरपासून खालपर्यंत न्याहाळायला. तिची नजर वर जाऊन थांबली.  मग तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं हात कोरडा केला आणि तो हात पुढे नेऊन, पीठ मळून झालं का बघावं तसा, हळूहळू चाचपत फिरवला. जिथं कपाळ असायला पाहिजे तिथं, मग खाली.

माझा हात लॅपटॉपकडे गेला. रिव्हर्सची खूण काढली की झालं. मग ते उठणार आणि पुन्हा चालू लागणार, दाराबाहेर, लांब. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. काकूलाही नव्हती. तिला यातलं काही येत नाही, पण ती माझ्या हाताकडे बघत होती.

"काय केलंस ते मला सांगू नगंस," ती म्हणाली. "मोडू नगंस म्हणजे झालं. आलेत नव्हं."

तिनं खुर्ची ओढून त्यांच्यापुढं घेतली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली. फोन वाजत होता, दादाचा असणार. लॅपटॉप बॅटरी संपत आल्यामुळे विचारत होता, बदल सेव्ह करायचे का.

मी 'हो' दाबलं.